मदत हवी आहे: न शिजवलेल्या चॉकलेट-बेरी टार्टचा थर पाघळतो

घरात ग्लुटेन वर्ज्य असल्याने मी बदाम आणि बिया काढलेला खजूर वाटून टार्टचा तळ केला व त्यावर कोको पावडर, मध आणि वितळवलेले खोबरेल तेल यांचे मिश्रण ओतले. फ्रीजमध्ये ते सुरेख घट्ट झाले. मात्र बाहेर काढताच कडा पाघळू लागल्या, कारण खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसलाच वितळते. शिवाय गोठवलेल्या रास्पबेरींना पाणी सुटून चॉकलेटवर गुलाबी ओघळ आले (दिसायला देखणे, पण खाली नुसता चिखल). सुमारे ३४ अंशांना वितळणारे कोको बटर निम्मे वापरल्यास थर सुरीने नीट कापता येईल का, की तडकेल? बेरी आधी चाळणीत निथळाव्यात, की चिया बियांसोबत कुस्कराव्यात? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया प्रमाणासह सांगावे.