समुद्रकाठचा जीवाश्म मुलाने घरी आणलाय, हे चालतं का?

भटकी_चप्पल

नमस्कार मंडळी, जरा गोंधळ झालाय. आमचे चिरंजीव नऊ वर्षांचे, डायनोसॉरचं वेड डोक्यात गेलेलं. मागच्या सुट्टीत समुद्राकाठी कड्याच्या पायथ्याशी फिरत होतो तर त्याला गोट्यांमध्ये एक लिंबाएवढा गोटा दिसला, एका बाजूने फुटलेला आणि आत गोल गोल गुंडाळी, तिच्यावर बारीक बरगड्या. अमोनाइट, म्हणजे गुंडाळीच्या शिंपल्यात राहणारा, केव्हाच नामशेष झालेला समुद्री प्राणी! त्याने खिशात टाकला, मीही काही बोलले नाही. घरी आल्यावर नवऱ्याने सहज विचारलं, याला परवानगी लागत नाही का गं, आणि माझी झोपच उडाली. नेटवर एक जण म्हणतो खुशाल न्या, दुसरा म्हणतो थेट तुरुंग. देश मुद्दाम लिहीत नाहीये कारण आमचं फिरणं बऱ्याच ठिकाणी असतं, मला एकूण हे नियम कसे चालतात ते कळून घ्यायचंय. आणि आता तो हातोडी-छिन्नी मागतोय, द्यावी का?

दगडोबा

झोपा निवांत. नेटवरचे दोघंही खरं बोलत असतील, देश वेगळे असतील इतकंच.

मी कुठेही गेलो की आधी बघतो जमीन कोणाची आहे, मग हाड आहे की शिंपला, सुटा पडलाय की खडकात बसलेला, आणि आपल्याला तो ठेवायचाय की विकायचाय, कारण बहुतेक देशांचे नियम याच प्रश्नांभोवती फिरतात. इंग्लंडमधला डॉर्सेटचा किनारा घ्या, चारमथ, लाइम रीजिस वगैरे. २००१ पासून जागतिक वारसा यादीत आहे, म्हणजे आपल्याला वाटणार हात लावायची सोय नाही, पण तिथे उलट आहे. कडे सतत ढासळत असतात आणि खाली पडलेलं कुणी उचललं नाही तर लाटा त्याचा चुरा करतात, म्हणून किनाऱ्यावर सुटं पडलेलं उचलायला मुभा, कड्यात खोदायचं नाही, आणि काही खास मिळालं तर त्याची नोंद करायची.

अमेरिकेत २००९ च्या कायद्याने केंद्र सरकारच्या बऱ्याचशा मोकळ्या जमिनींवर शंख-शिंपले, पानांचे ठसे असं नेहमीचं काही स्वतःपुरतं, हाताच्या अवजारांनी, परमिटशिवाय घेता येतं. पण पाठीचा कणा असलेल्या प्राण्याचं काहीही, अगदी एक दातसुद्धा, परमिटशिवाय उचलायचा नाही. राष्ट्रीय उद्यानात तर काहीच नाही. अश्मीभूत लाकडाला वजनाची मर्यादा आहे, दिवसाला २५ पौंड आणि वर एक तुकडा, वर्षाला २५० पौंड. हा 'वर एक तुकडा' लिहिणारा बाबू नक्की हौशी दगडवेडा असणार.

कॅनडातल्या अल्बर्टात अजून मजा, तिथे जमीनमालकाला विचारून वर पडलेला जीवाश्म तुम्ही घरी ठेवू शकता पण मालकी प्रांताचीच राहते, तुम्ही फक्त सांभाळणारे.

थोडक्यात, सुटा पडलेला शिंपला बऱ्याच ठिकाणी चालतो, हाड दिसलं की हात मागे.

निवांत_कासव

दगडोबांनी जमीन कोणाची हे एका ओळीत उरकलंय पण खरी मारामारी तिथेच होते. सू नावाचा टी-रेक्स डायनोसॉर आठवतोय का? १९९० ला साउथ डकोटात सापडला, शोधणाऱ्या कंपनीने जमीनमालकाला ५,००० डॉलर दिले आणि खुशाल खणून काढला. १९९२ ला एफबीआयने येऊन सगळी हाडं जप्त केली, कारण ती जमीन सरकारने त्या मालकासाठी ट्रस्टमध्ये धरलेली होती आणि सरकारला न विचारता त्याला ती हाडं विकताच येत नव्हती. शेवटी १९९७ ला लिलावात ८० लाख डॉलरच्या वर किंमत गेली आणि शोधणाऱ्यांच्या हाती भोपळा. म्हणजे तोंडी 'घ्या हो घ्या' म्हणणारा माणूस खरा मालक असेलच असं नाही.

आणि देशाबाहेर नेणं हा तर वेगळाच विषय. मंगोलिया, ब्राझील इथे जीवाश्म सरकारचेच, ब्राझीलचा कायदा तर १९४२ चा आहे. हॉलिवूडच्या निकोलस केजने लिलावात २,७६,००० डॉलरला डायनोसॉरची एक कवटी घेतली होती, ती मंगोलियातून चोरून आणलेली निघाली, २०१५ ला परत द्यायला तयार झाला. दुकानात पावतीसकट मिळतंय म्हणजे सगळं कायदेशीर असं अजिबात समजू नका.

सरळरेषा

मला कळत नाही उचलायचंच कशाला? फोटो काढा आणि तिथेच ठेवा. प्रत्येकाने एकेक नेला तर पुढच्या पोरांना काय उरणार?

दगडोबा

@सरळरेषा गुहेत किंवा उद्यानात असाल तर शंभर टक्के मान्य. पण ढासळत्या कड्याखाली 'तिथेच ठेवा' म्हणजे समुद्राला देऊन टाका. जीवाश्म शोधण्यासाठी प्रसिद्ध असलेली मेरी अॅनिंग आणि तिच्या भावाने १८११-१२ मध्ये लाइम रीजिसला इक्थिओसॉर, म्हणजे माशासारखा दिसणारा प्राचीन समुद्री सरपटणारा प्राणी, शोधला तो असाच कड्यातून उघडा पडत होता, वेळेत काढला नसता तर गेला असता. हौशी लोकांनी शोधलं आणि अभ्यासकांनी वाचलं असंच बरंचसं झालंय. डेन्मार्कने यावर छान तोड काढलीय, दुर्मिळ काही सापडलं तर १९९० पासून ते सरकारला द्यावं लागतं पण शोधणाऱ्याला बक्षीस मिळतं, त्यामुळे लोक लपवत बसत नाहीत.

@भटकी_चप्पल हातोडी द्या पण कड्यावर नाही, फक्त खाली पडलेल्या गोट्यावर आणि जिथे परवानगी असेल तिथेच, शिवाय डोळ्याला गॉगल पाहिजेच, दगडाची कपची सरळ डोळ्यात जाते. घरातली खिळे ठोकायची हातोडी नको, तिचं डोकं कडक असतं आणि तुकडा उडू शकतो, भूवैज्ञानिकांची वेगळी मिळते. कड्याला चिकटून बसू देऊ नका. अॅनिंगबाईंचा कुत्रा १८३३ ला दरड कोसळून गेला, ती स्वतः थोडक्यात वाचली.

भटकी_चप्पल

बापरे, कुत्र्याचं चिरंजीवांना सांगणार नाहीये. एक अजून, गोट्याच्या आतला भाग पितळेसारखा चमकतो आणि कडेला हल्ली पांढरी पूड येतेय, वासही जरा विचित्र, काडेपेटीसारखा. बुरशी आहे का?

शिंपलेवाली

बुरशी नाही हो, पायराइट कुजतंय, म्हणजे ते पितळेसारखं चमकणारं लोखंड-गंधकाचं खनिज! समुद्राकाठच्या अमोनाइटमध्ये बरेचदा शिंपल्याच्या जागी पायराइट भरलेलं असतं, हवेतली ओल लागली की त्याचं ऑक्सिडेशन होऊन आम्ल तयार होतं आणि दगड आतून फुटतो. माझे सुरुवातीचे चार असेच गेले, चकाकी टिकावी म्हणून मी पारदर्शक नेलपॉलिश फासलं होतं, मीठ आणि ओल आतच कोंडली, वर्षभरात नेलपॉलिशच्या पापुद्र्यात नुसती करडी माती उरली. दुसऱ्या एकावर व्हिनेगर घालून बघितलं, चुनखडी विरघळते हे विसरून, त्याच्या बरगड्याच गेल्या.

आता पूड मऊ ब्रशने झाडा, परत पाण्यात घालू नका. नीट सुकवून घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि बाकीच्यांपासून लांब, त्या आम्लाने शेजारचं लेबलसुद्धा जळतं. पुढच्या वेळी समुद्रातून आणल्या आणल्या गोड्या पाण्यात काही दिवस भिजवा, पाणी बदलत राहा, मग पूर्ण वाळवा.

आणि लेबल लिहिलंय का? कुठे सापडला, कोणत्या तारखेला, कड्याच्या कोणत्या थराखाली. उद्या म्युझियममध्ये दाखवायला नेलात तर पहिला प्रश्न तोच असतो, जागाच माहीत नसेल तर चांगल्या नमुन्याचंही त्यांना फारसं काही करता येत नाही.

भटकी_चप्पल

डबा झाला, पुड्या बुटांच्या खोक्यांतल्या जमवल्या. लेबलचं मात्र अवघड होतं, मला तारीखच आठवेना. मग फोनमध्ये शोधलं तर नेमका त्या क्षणाचा एक फोटो आहे, लोकेशनसकट, मागे कड्याचे करडे थरही स्पष्ट दिसतायत. चिरंजीवांच्या एका हातात गोटा आहे आणि दुसऱ्या हाताचं बोट नाकात. म्युझियमला पाठवताना क्रॉप करेन.