नजरेनुसार रेंडरिंग : कडेची पानं लुकलुकतात

देवराईवाली : डोळ्यांचा माग घेणाऱ्या हेडसेटसाठी देवराईचा सीन करतेय. नजर असेल तिथे पूर्ण बारकावा, कडेला ४×४ शेडिंग (४×४ पिक्सेलच्या ठोकळ्याला मिळून एकदाच रंग काढणं). फ्रेमरेट झकास सुधारला, पण समोरचं खोड बघताना कडेची पानं सारखी लुकलुकतात. धूसर चालेल, हे नको. काय करू?

शेडरकाका : डोळ्याचा जेमतेम २ अंशांचा मधला भागच बारीक तपशील टिपतो, पण कडेची नजर लुकलुकीला फार तिखट असते. पानं अल्फा कापून (सपाट चित्रातला पारदर्शक भाग उडवून) केलीयत ना? मग ४×४ मध्ये १६ पिक्सेलचा अख्खा ठोकळा एकदम राहतो किंवा उडतो. फक्त पानांच्या मटेरियलला १×१ (दर पिक्सेलचा हिशोब वेगळा) द्या. जमीन, खोडं, आभाळ ४×४ राहू दे.

निनाद : क्वेस्ट ३ हेडसेटवर जमेल?

शेडरकाका : त्यात डोळे टिपणारे कॅमेरेच नाहीत. त्यामुळे बारकाव्याचा भाग चित्राच्या मध्यावरच पक्का, मान न वळवता कडेला बघितलं की धूसरपणा उघडा पडतो. प्लेस्टेशन व्हीआर २ मध्ये आहेत.

देवराईवाली : काका, पानं शांत झाली! फ्रेमरेट थोडा उतरला, पण चालतंय. आता वेलींनाही तेच करते.

शेडरकाका : वेली भरीव मेशच्या (चित्र कापून नव्हे, खऱ्या त्रिमितीय आकाराच्या) असतील तर नको, उगाच खर्च. आधी तपासा.