जोधपूर का बिकानेर? गलाईवाल्यांनी जरा सांगा

भट्टीवाला विटा
मंडळी, विषय घरगुती आहे पण इथं निम्मे लोक गलाईतले, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यातले, नायतर गलाईवाल्यांचे पाव्हणे, म्हणून विचारतो. मी सांगलीकडच्या खानापूर तालुक्यातला, चौदा वर्षं झाली जोधपूरला चुलत्यांच्या दुकानात आहे, घंटाघराजवळ. आता आपल्याच भागातला एकजण बिकानेरचं दुकान मोडून गावाकडं निघालाय, कोटगेट म्हणजे जुन्या शहराच्या वेशीच्या आत जागा आहे, खाली भट्टी, वर दोन खोल्या, चालू गिऱ्हाईकासकट देतो म्हणतोय. बायको आणि सहा वर्षांची पोरगी सध्या विट्यात असतात, जूनपासून त्यांना पण न्यायचंय. माझं मन बिकानेरकडं ओढतंय. तिथं कुंदन-जडावाचं, म्हणजे सोन्यात खडे बसवायचं काम लय, आणि कुंदनाला एकदम शुद्ध सोनंच लागतं, म्हणजे भट्टी थंड पडायची भीती नाय. जोधपूरला कितीबी राबलो तरी मी तात्यांचा पुतण्याच राहणार. घरचे सगळे म्हणत्यात जोधपूर सोडू नको. आता दोन्हीकडं वाळूच, मग एवढा फरक काय पडणाराय?

कोटगेटवाला
डोळे झाकून बिकानेर घे. अरे ते शहर वसवलंच मुळी घरातनं वेगळं निघालेल्या पोरानं, जोधपूर वसवणाऱ्या राव जोधाचा पोरगा राव बिका, १४८८ साली. बापाच्या गावात बसून राहिला असता तर त्याचं नाव कुणी घेतलं असतं का? तू पण नीघ. दुसरं म्हणजे गाव लहान, भाडं कमी, आणि जुन्या वस्तीत चौकाचौकात लाकडी पाटे टाकलेले असतात, संध्याकाळी जेवणं झाली की माणसं त्या पाट्यावर येऊन बसतात, राजकारण, लग्नं, सोन्याचा भाव सगळं तिथंच चालतं. मी पहिल्या वर्षी नुसता कडेला उभा राहायचो, दुसऱ्या वर्षी एका म्हाताऱ्यानं सरकून जागा दिली, त्या दिवसापासनं उधारीवर माल मिळायला लागला. जोधपूरला तुला शेजारचा ओळखतो का सांग.

निळी गल्ली
वर कोटगेटवाल्यानं पाट्याचं लय गोड सांगितलं पण पाट्यावर बाई बसल्याली कधी बघितलीस का भावा? प्रश्न बायको-पोरीला न्यायचा आहे. जोधपूरला एम्स आहे, हायकोर्ट आहे, आयआयटी आहे, म्हणजे बाहेरून आलेली नोकरदार माणसं भरपूर, शाळा बऱ्या, भाड्याचं घर देताना कोण कुठला म्हणून दहादा विचारत नाहीत. विमानतळ गावातच आहे. मिरजेत गाडीत बसलं की थेट जोधपूरला उतरायचं, बिकानेरला तिथनं पुढं अजून पाच तास. उद्या आईबापाचं काही झालं तर हे पाच तास किती मोठे असतात ते मी भोगलंय. गिऱ्हाईक कुठंबी मिळतं, पण चौदा वर्षांचं नाव असं बेभाव सोडून जायचं नसतं.

माणदेशी
मी म्हसवडकडचा, गलाईत नाही पण दोन्ही शहरांत सोलर पंपाच्या कामानं राहिलोय म्हणून पाण्याचं सांगतो, कारण राहायचं म्हटलं की वाळवंटात पहिलं पाणीच बघायचं. जोधपूरचा पाऊस साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास, बिकानेरचा त्याहून कमी. आता आपल्या माण-आटपाडीच्या माणसाला साडेतीनशे म्हणजे काय नवल नाही, आपण असल्याच आकड्यात वाढलो. दोन्ही शहरं पितात ते पंजाबातनं येणारं पाणी, सतलज-बियासचं, हरिकेच्या बंधाऱ्यातनं इंदिरा गांधी कालव्यात आणि तिथनं पंपानं उचलून. आपल्या टेंभूच्या उपसा योजनेसारखंच समजा, फक्त नदी शेकडो किलोमीटर लांब. आणि दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला कालवा दुरुस्तीसाठी बंद करतात, त्याला तिकडं नहरबंदी म्हणतात. तेव्हा दोन्हीकडं बोंब असते, एक दिवसाआड पाणी येतं आणि टँकरवाल्याची मिजास बघवत नाही.
गंमत अशी की जोधपूरला उलटा पण त्रास आहे. कालव्याचं पाणी आल्यापासनं लोकांनी जुन्या बावड्या-विहिरी उपसायच्या सोडल्या, त्यामुळं जुन्या शहरात जमिनीतलं पाणी वर आलं आणि तळघरात पाझरायला लागलं. वाळवंटात तळघर उपसायला मोटर लावलेली मी डोळ्यांनी बघितली.

भट्टीवाला विटा
माणदेशी, ती मोटर आमचीच असंल 😀 तात्यांच्या तळघरात बारा महिने चालू असते, लाइट गेली की आम्ही बादल्या घेऊन.

कृष्णाकाठी
मला एक कळत नाही, टेंभूचं पाणी खानापूर-आटपाडीत आलं, माणसं डाळिंब-द्राक्षं लावायला लागली, आणि तुम्ही अजून वाळवंटातलं कुठलं बरं ह्याच्यावर भांडताय? या की परत. ५१ डिग्री झालं होतं फलोदीत, १९ मे २०१६, आणि फलोदी तुमच्या ह्या दोन्ही शहरांपासनं दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर. जाऊन भट्टीपुढं बसायचं म्हणजे कहरच.

निळी गल्ली
परत येऊन काय सांगलीत राहायचं? २०१९ च्या ऑगस्टला तुमच्या पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं, होड्या फिरत होत्या, विसरलात का. आम्हाला घाम परवडतो.

कृष्णाकाठी
पाणी आलं तसं ओसरलं. घर अजून इथंच आहे.

बाजरीची भाकर
सगळे बाप्ये बोलून झालं असलं तर मी सांगते. सहा वर्षं बिकानेरला काढली, नवऱ्याचं गलाईचंच दुकान होतं. आंधी येते ती आधी आभाळ पिवळं होतं, मग पाच मिनिटांत दार-खिडक्या लावायच्या, तरी पिठाच्या डब्यात वाळू जाते ती जातेच, भाकरी खाताना दातात कचकन लागते आणि पोरगं ताट ढकलतं. ज्वारी सहजी मिळायची नाही, बाजरी पाहिजे तेवढी, म्हणून तर हे नाव घेतलंय. थंडीत रात्री पारा शून्याजवळ जातो, आपल्याकडची शाल तिथं काहीच कामाची नाही. ह्या सगळ्याची सवय होते, खरंच होते. शेजारणी मायाळू होत्या, सणाला ताट पाठवायच्या, भाषा सहा महिन्यांत जमली.
सवय झाली नाही ती एकाच गोष्टीची. खाली भट्टी, वर खोल्या. सोनं तेजाबात टाकलं की तो पिवळा-तांबूस धूर निघतो तो जिन्यानंच वर येतो, चिमणी असली तरी येतो. मी स्वयंपाक करता करता ओळखायचे की आता खाली माल टाकला. पितळेची भांडी काळी पडायची, दोरीवरचे कपडे विरायचे. मुलाला खोकला लागला तो आम्ही वर्षभर आंधीची धूळ धूळ म्हणत बसलो. भट्टीपासून तीन गल्ल्या लांब खोली घेतली आणि दोन महिन्यांत खोकला गेला. तेव्हा जोधपूर का बिकानेर हे नंतर, आधी सांगा घर भट्टीच्या डोक्यावर आहे का?

कोटगेटवाला
ताई राग मानू नका पण आमच्या आया-चुलत्या सगळ्या भट्टीच्या वरच राहिल्या, आम्ही तिथंच मोठे झालो. नवीन माणसाला दोन भाडी कशी परवडायची? पहिली दोन वर्षं तरी वरच काढावी लागतात. पुढं बघता येतं.

बाजरीची भाकर
तुमच्या आईला विचारलं होतं का कधी? मी माझ्या सासूला विचारलं, त्यांनी पदर नाकाला लावून दाखवला, तोंडानं काही बोलल्या नाहीत. आणि भाडं परवडत नाही हे पटत नाही. वर तुम्हीच सांगितलं ना बिकानेरला भाडं कमी म्हणून? मग त्यातलंच वाचलेलं खोलीला घाला.

निळी गल्ली
हे मात्र बरोबर बोललात ताई. पण मग जोधपूरच सोपं पडतं ना, तिथं तो चौदा वर्षं आहे, लांबच्या वस्तीत खोली घेऊन दुकानाला जा-ये करू शकतो.

माणदेशी
पण तिथं दुकान तात्यांचं. पोरगा आज पुतण्या म्हणून खोली घेईल, उद्या तात्यांची पोरं हाताशी आली की? माझं मत बिकानेरच, पण घर वेगळं आणि घराला जमिनीखाली टाकी असलेलं बघूनच. कोटगेटवाल्या, त्या राव बिकाची गोष्ट मात्र अर्धीच सांगितलीस. तो एकटा निघाला नव्हता, सख्खा चुलता कांधल बरोबर होता त्याच्या. तेव्हा तात्यांशी भांडून जाऊ नको, त्यांना विचारून, जमलं तर त्यांची भागीदारी घेऊन जा.

भट्टीवाला विटा
सगळ्यांचं वाचलं, रात्री तात्यांना पण वाचून दाखवलं. कांधलचं ऐकून हसले, म्हणाले चार आणे भाग घालतो पण हिशोब महिन्याला इकडं पाठवायचा. म्हणजे पुतण्या काय सुटत नाय.
बायकोला फोन केला. तिनं ताईंचं वाचलं होतं, मी लिंक न पाठवता, कुणी पाठवली कळलं नाही. तिनं एकच विचारलं, वरच्या खोल्यांना खिडकी कुठल्या बाजूला आहे. आता खरं सांगतो, मी ती जागा दोनदा बघून आलोय. चिमणीची उंची मोजली, सोनं वितळवायच्या मुशी किती, टंच म्हणजे सोन्याची शुद्धता काढायचा काटा कसला, गल्लीत जडाववाले किती ते सगळं वहीत लिहून आणलं, आणि जिना चढून वर गेलोच नाही. गुरुवारी परत निघतोय.

बाजरीची भाकर
तिला बरोबर घेऊन जा. तू परत चिमणीच मोजून येशील.