मदत हवी आहे: जुन्या बोटीच्या डिझेल टाकीत पाणी आणि काळा गाळ, टाकी न काढता साफ कशी करावी?

हर्णै_किनारा
लाकडी मच्छीमार बोट आहे, ३८ फुटी, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन. टाकी ४०० लिटरची, ३ मिमी एमएस (साध्या पोलादी) पत्र्याची, डेकखाली. माप १२०×७०×५० सेंमी, आत दोन बॅफल (डिझेल हिंदकळू नये म्हणून घातलेले आडवे पत्रे). वर भरायचं तोंड, व्हेंट (हवेची नळी) आणि सप्लाय-रिटर्नचे (इंजिनाला डिझेल नेणाऱ्या आणि परत आणणाऱ्या नळ्यांचे) सॉकेट, बाकी हात घालायला कुठेच जागा नाही.
लोडवर अर्धा-पाऊण तास इंजिन नीट चालतं, मग आरपीएम उतरतो आणि बंद पडतं. थोडं थांबलं की पुन्हा सुरू. फिल्टर नवा घातला तरी तेच. सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या) वाटीत पाणी आणि काळे लिबलिबीत तुकडे येतात. पावसाळी मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते, त्याआत काम उरकायचं आहे. टाकी काढायची तर केबिन खोलावी लागेल. नुसतं डिझेलमधले जंतू मारायचं औषध टाकून भागेल का?

काटा_कंपास
नाही भागणार. औषधाने जंतू मरतात, गाळ विरघळत नाही. मेलेला थर सुटून तळाशी येतो आणि पहिल्याच लाटेत सगळा फिल्टरवर. आधी साफसफाई, औषध नंतर.
थांबून परत सुरू होतं, याचा अर्थ अडथळा फिल्टरच्याही आधी आहे. सप्लाय ट्यूबच्या टोकाला जाळी असेल तर ओढ लागली की तुकडे तिला चिकटतात, इंजिन थांबलं की गळून पडतात. ट्यूब वर ओढून बघा. प्रायमरी फिल्टर (टाकीनंतरचा पहिला) आणि फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा) यांच्यामध्ये व्हॅक्युम गेज (ओढ मोजणारा काटा) बसवा. काटा चढत गेला तर कुठेतरी चोक आहे. काटा खाली आणि पारदर्शक नळीत बुडबुडे दिसले तर लाइन एअर घेतेय, मग टाकीला दोष देण्यात अर्थ नाही.

गंज_आणि_ग्रीस
टाकी जागेवरच साफ होते, पण वरच्या पत्र्याला मॅनहोल (हात घालायची भोकं) पाडावे लागतील. दोन बॅफल म्हणजे तीन खण, म्हणून तीन भोकं. एकाच भोकातून काम उरकणारे पुष्कळ आहेत, पण गाळ बसतो तो नेमका बॅफलच्या कोपऱ्यात.
भोक १५० मिमीचं. आतून ५ मिमी पट्टीची रिंग दोन अर्धगोल तुकड्यांत घालायची, तिच्यावर एम६चे १२ स्टड (बिनडोक्याचे बोल्ट) वर्कशॉपमध्येच वेल्ड करून आणा. वरून झाकण ६ मिमीचं, मध्ये नायट्राइल रबराची गॅस्केट. साधं रबर डिझेलने फुगतं, सिलिकॉन सुटून तुकड्यांनी फिल्टरमध्ये जातं.
क्रम असा:
१. डिझेल हातपंपाने स्वच्छ प्लास्टिक ड्रममध्ये काढा. गॅल्व्हनाइज्ड ड्रम नको, जस्ताची डिझेलशी प्रक्रिया होऊन तयार होणारा साबण नॉझलपर्यंत जातो. दोन दिवस निवळू द्या, वरचं डिझेल १० मायक्रॉनमधून गाळून वापरा. तळचा गढूळ भाग परत टाकीत नको.
२. बॅटरीचा मेन स्विच बंद करा, ब्लोअर लावून टाकीत हवा खेळवा. होलसॉ (गोल भोक पाडणारी करवत) हवेवर चालणाऱ्या ड्रिलवर, फेरे कमी, दात ग्रीसने माखलेले. कीस ग्रीसमध्ये अडकतो, उरलेला लोहचुंबकाने उचला.
३. प्लास्टिक खरवडणी आणि पितळी ब्रशने थर काढा. मग १०-१५ लिटर स्वच्छ डिझेलने धुऊन तेही उपसा. कॉटन वेस्ट वापरू नका, तिचे धागे पुढे फिल्टरमध्येच भेटतात.
४. तळ टॉर्चने बघा. पाणी साठतं तिथे खड्डे पडतात. टोच्याने दाबल्यावर पत्रा दबला तर टाकी बदलायचीच, मग केबिन खोलणं चुकत नाही.

हर्णै_किनारा
ग्राइंडरने कापलं तर चालेल? वेळ वाचेल. आणि प्रेशर वॉशर मारू का?

काटा_कंपास
ग्राइंडर अजिबात नाही. गाड्यांच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट (वाफ पेट घेऊ शकते ते तापमान) मानकानुसार किमान ३५ अंश आहे, त्यामुळे गरम इंजिनघरात वाफ आणि ठिणगी दोन्ही एकत्र येऊ शकतात. घरगुती व्हॅक्युम क्लीनरही नको, त्याच्या मोटरमध्ये ठिणग्या पडतात.
वॉशरचं पाणी बॅफलखाली अडकतं आणि ओला पत्रा लगेच गंजतो. ४०० लिटरसाठी हाताने खरवडणंच बरं. डोकं किंवा खांदे आत घालू नका. गंजलेल्या बंद टाकीत गंज प्राणवायू खातो.

गंज_आणि_ग्रीस
झाकणं बसवल्यावर बाकीची तोंडं बंद करून टेस्ट घ्या. कॉम्प्रेसर थेट लावू नका. पारदर्शक नळीचा यू करून त्यात पाणी भरा, दोन बाजूंतला फरक १ मीटर होईल इतकीच हवा हातपंपाने द्या. म्हणजे साधारण ०.१ बार. ऐकायला किरकोळ वाटतं, पण १२०×७०च्या पत्र्यावर आठशे किलोंहून जास्त जोर येतो. स्टडवर आणि जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा.
सप्लाय ट्यूबची जाळी काढून टाका, टोक तिरकं कापून तळापासून २५ मिमी वर ठेवा. ३० मायक्रॉनचा वॉटर सेपरेटर फीड पंपाच्या आधी असू द्या. पंपाने घुसळलेलं पाणी सेपरेटरमध्ये नीट सुटत नाही. शक्य असेल तर दोन सेपरेटर चेंजओव्हर कॉकसह. समुद्रात एक चोक झाला तरी इंजिन थांबवावं लागत नाही.

खारा_वारा
पाणी आलं कुठून ते कुणीच विचारलं नाही. अर्ध्या रिकाम्या टाकीत दव धरतं हे खरं, पण वाटीत वारंवार येणारं पाणी बहुधा भरायच्या तोंडाच्या झाकणातून किंवा व्हेंटमधून येतं. वाटीतलं पाणी निवळवून काचेवर वाळू द्या. पांढरा खार उरला तर समुद्राचं. तसं असेल तर त्या झाकणाची ओ-रिंग (गोल रबरी सील) बदला, व्हेंटचं बाकदार टोक डेकपासून उंच करा. खार उरला नाही तर पाऊस किंवा पुरवठ्याचं डिझेल. भरताना डिप पट्टीला पाणी ओळखायची पेस्ट लावून बघा, रंग बदलला तर पुढचं घेऊ नका.
औषध लेबलवरच्या मात्रेतच घाला. पाणी डिझेलमध्ये मिसळवणारी ॲडिटिव्ह वेगळी, ती नकोत. तसं पाणी सेपरेटर ओलांडून नॉझलपर्यंत जातं.
काळा गाळ खाडीत ओतू नका. तो घातक कचऱ्यात मोडतो. झाकणबंद ड्रममध्ये भरून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या वापरलेल्या तेलवाल्याला द्या.

हर्णै_किनारा
ट्यूब काढली, जाळी पूर्ण भरलेली. वाळवलेल्या पाण्याखाली खार आहे, ओ-रिंग चिरलेली निघाली. मॅनहोलचं माप वर्कशॉपला देतो. सुरुवातीला किती एलिमेंट (फिल्टरचे बदलायचे गाळणीचे भाग) जवळ ठेवू?

गंज_आणि_ग्रीस
सेपरेटरचे चार, इंजिनावरच्या फिल्टरचे दोन. बदलताना एलिमेंट गाळलेल्या डिझेलने भरूनच बसवा, नाहीतर हातपंप मारत एअर काढत बसाल. पहिले काही तास किनाऱ्याजवळच चालवा आणि गेजवर नजर ठेवा.