मदत हवी आहे: मेणबत्तीच्या आचेवर पांढरा एलईडी कसा लावू?

४० मिमीचे पेल्टियर मॉड्यूल (टीईसी१-१२७०६; दोन बाजूंच्या तापमानातल्या फरकावर वीज देणारी चकती) घेतलेय. खाली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, वर हीटसिंक, दोन्हीकडे थर्मल पेस्ट. सुरुवातीला मीटर १.४ व्होल्ट दाखवतो, पण पाचेक मिनिटांत वरची बाजूही तापते आणि आकडा ०.६ वर घसरतो. हीटसिंकवर गार पाण्याचा डबा ठेवला तर १.२ टिकतात. एलईडीला मात्र साधारण ३ लागतात.

दोन मॉड्यूल एकावर एक ठेवून पाहिली, उपयोग नाही. तापमानातला फरक तेवढाच, तो दोघांत वाटला जातो. ज्योत अजून जवळ नेली तर आतले सोल्डर वितळायची भीती (मर्यादा १३८ अंश सेल्सिअस).

मेणबत्ती एकच, बॅटरी अजिबात नको. मॉड्यूलचा अंतर्गत रोध २ ओमच्या आसपास आहे, तर १.२ व्होल्टवर जूल थीफ (कमी व्होल्टेज वाढवून एलईडी पेटवणारे) सर्किट नीट चालेल का, आणि फेराइट रिंगवर किती वेढे घ्यावेत?