दोन कादंबऱ्या, एक चित्रपट: ‘सिंहासन’ला जमलं ते ‘जोगवा’ला जमलं का?

तिसरी_घंटा:
कादंबरीवरचा चित्रपट म्हटलं की ‘पुस्तकच भारी’ हा निकाल आधीच लागलेला असतो. तो जरा बाजूला ठेवू. दोन कादंबऱ्या एकत्र करून एकच चित्रपट काढला, तर काय हाती लागतं? मराठीत दोन ठळक उदाहरणं आहेत. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’वरून जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ (१९७९). आणि राजन गवसांच्या ‘चौंडकं’ नि ‘भंडारभोग’वरून, सोबत चारुता सागरांची ‘दर्शन’ ही कथा घेऊन, राजीव पाटलांचा ‘जोगवा’ (२००९).

माझ्या मते पहिलं जोडकाम पक्कं आहे, दुसऱ्याची शिवण दिसते. विजय तेंडुलकरांनी ‘सिंहासन’च्या पटकथेचा भार दिगू टिपणीस या पत्रकारावर टाकला. पत्रकाराला कुठेही शिरायला वेगळं कारण लागत नाही, त्यामुळे दोन पुस्तकांतली माणसं एका शहरात आपसूक वावरतात. सरकार पाडायचा कट शिजतोय असा निनावी फोन मुख्यमंत्र्यांना येतो आणि पेच उभा. पार्श्वभूमी समजावत बसायची गरजच नाही.

‘जोगवा’त मात्र ‘चौंडकं’मधली जोगतीण आणि ‘भंडारभोग’मधला जोगता (दोघंही यल्लम्मा देवीला सोडलेले) यांची जोडी लावली, आणि प्रथेची गोष्ट प्रेमकथा झाली.

कडबा:
साफ असहमत. जोडी लावली म्हणूनच तो चित्रपट उभा राहिला. जोगतिणीचं शरीर देवीच्या नावाखाली वापरलं जातं आणि जोगत्याला पुरुष असून लुगडं नेसून जगावं लागतं. एकाच प्रथेची ही दोन टोकं. वेगवेगळ्या पुस्तकांत ती वाचकाला मनात जुळवावी लागतात, इथे एका चौकटीत समोरासमोर येतात. मुक्ता बर्वे आणि उपेंद्र लिमये बोलतात कमी, बघतात जास्त. कादंबरीत दहा पानं लागली असती ते लिमयेंच्या चालण्यात दिसतं: लुगड्यातली सवयीची चाल आणि मधेच उसळून येणारा पुरुषी पवित्रा. राष्ट्रीय पुरस्कार उगाच नाही मिळाला.

तिसरी_घंटा:
अभिनयाबद्दल वाद नाहीच. माझा आक्षेप शेवटावर आहे. दोघं जोखड झुगारतात, प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकून बाहेर पडतो. गवस वाचकाला असा सोडत नाहीत. दुसरं म्हणजे भाषा. गडहिंग्लज-सीमाभागाची ती बोली, तिच्यातलं कानडी वळण हा त्या पुस्तकांचा कणा. चित्रपटात ती सगळ्यांना कळेल इतपत सौम्य झालीय.

कडबा:
सौम्य केली नसती तर विदर्भातल्या प्रेक्षकाला उपशीर्षकं लागली असती! आणि जे बोलीतून गेलं ते आवाजातून परत आलं की. चौंडकं हे तारेचं वाद्य काखेत धरून तार ओढत-सैलावत छेडतात, त्यामुळे सूर सरळ न राहता कण्हल्यासारखा चढतो-उतरतो. तो कागदावर कितीही वर्णन केला तरी ऐकू येत नाही. चित्रपटातलं ‘लल्लाटी भंडार’ हे गाणं लागल्यावर येतो.

पारावरचा:
दोघंही ‘सिंहासन’ला फार सहज सोडताय. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. एका चित्रपटाच्या वेळेत दोन भरगच्च कादंबऱ्या बसवायच्या म्हणजे कुणाचा तरी बळी जाणार, आणि तो ‘मुंबई दिनांक’चा गेला. त्या कादंबरीचा नायक शहर आहे: गर्दी, बेकारी, तस्करी, संप. चित्रपटात हे सगळं राहिलं, पण झलकांपुरतं. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री आणि डॉ. लागूंचा अर्थमंत्री यांच्या शह-काटशहानेच बहुतेक जागा खाल्ली. कामगार नेता डिकास्टा झालेले सतीश दुभाषी दमदार आहेत, पण त्याच्या मागचे कामगार कोण, हे पुस्तक न वाचलेल्याला कळत नाही.

तिसरी_घंटा:
हे मान्य. तरीही शेवट बघा. सगळ्या उलथापालथीतून निष्पन्न काय, तर खातेबदल. त्यावर दिगू झालेल्या निळू फुलेंचं ते वेडसर हसणं. तोवर खलनायक म्हणून माहीत असलेल्या नटाला पटेलांनी चित्रपटभर नुसतं बघत ठेवलं, म्हणून ते हसणं अंगावर येतं. शहराचा जो भाग कापला, त्याचा सगळा हिशेब त्यात आहे.

पारावरचा:
एका हास्यात अर्धी कादंबरी भरून निघत नाही हो.

खडू_फळा:
जोडकामालाच दोष का? एकच कादंबरी घेतली तरी गळती होतेच. मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ घ्या. आणीबाणीचा काळ, नववीतला मुकुंद, आणि सगळी मजा त्याच्या स्वतःशी चाललेल्या बडबडीत. सुजय डहाकेच्या चित्रपटाला रूपांतरित पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी ती बडबड पडद्यावर नजरेत आणि शांततेत गेली. मुकुंद पुस्तकात मिश्कील आहे, चित्रपटात हळवा. प्रसंग तेच, पोरगा वेगळा.

‘जोगवा’त निदान प्रसंग बदलल्याचं उघड दिसतं. ज्यांना पुस्तकं वाचायचीच आहेत त्यांनी गवसांच्या दोन्ही आधी वाचाव्यात, चित्रपट नंतर. साधूंच्या बाबतीत उलट चालेल: आधी ‘सिंहासन’ बघा, चेहरे डोक्यात बसतील, मग ‘मुंबई दिनांक’मधली माणसांची गर्दी सोपी जाते.

कडबा:
गवसांबाबत उलट क्रम. आधी चित्रपट बघितला तर जग (डोक्यावर घेऊन फिरायची देवी), परडी (जोगवा मागायची टोपली), भंडारा डोळ्यांसमोर असतात आणि बोली अडत नाही.