सांगली–पुणे आणि आंबा घाट : सिटी, व्हर्ना की स्लाव्हिया?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत राहतो. घरात चौघं : आम्ही दोघं, सासूबाई आणि नववीतला मुलगा, जो आत्ताच बाबांपेक्षा उंच झालाय. जुनी हॅचबॅक देऊन सेडान घ्यायची ठरलंय. पेट्रोल, ऑटोमॅटिक, ऑन रोड सतरा लाखांपर्यंत. पुण्याला नेहमीचं जाणं-येणं आहे. गाव देवरुखजवळ, म्हणजे आंबा घाटही ठरलेला. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या मागेच बसतात. गाडी बहुतेक वेळा मीच चालवते आणि मला ते मनापासून आवडतं, त्यामुळे नुसती आरामखुर्ची नकोय. होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना आणि स्कोडा स्लाव्हिया या तिघी डोक्यात आहेत, पण शोरूमवाले आपापलंच गातात. ज्यांनी या गाड्या खरंच चालवल्यात त्यांनी सांगा.

विदर्भवासी
ताई, सेडान कशाला? गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली वाकून बसायचं आणि उठायचं अवघड जातं. त्याच पैशात एसयूव्ही येते, सीट कमरेच्या उंचीला असते. आजींचा विचार करा.

कराडचा_ड्रायव्हर
वरच्यांचा मुद्दा बरोबर आहे, तो आधी तपासा. पण उंच गाडी घाटात वळणावर जास्त डुलते आणि मागे बसलेल्यांना तेच लागतं. आमच्या आईला उंच गाडीत मळमळतं, सेडानमध्ये नाही.

माझ्याकडे सिटी सीव्हीटी (गिअरचे टप्पे नसलेली ऑटोमॅटिक) आहे, भावाकडे स्लाव्हिया १.० (एक लिटर इंजिनाची) ऑटोमॅटिक. दोन्ही आलटून पालटून चालवतो. मेव्हण्याच्या व्हर्नात मागे बसून बराच प्रवास झालाय.

मागची सीट सिटीचीच सरस. गुडघ्यापुढे भरपूर जागा, गादी मऊ पण खचणारी नाही, आणि खड्ड्यांतून हळू जाताना धक्के मुरतात. स्लाव्हिया कमी वेगात थोडी कडक वाटते. तिची मागची सीट दोघांसाठीच घडवलेली आहे, मधला टनेल (तळाचा उंचवटा) उंच असल्याने तिसऱ्याला पाय ठेवायला जागा राहत नाही. तुम्ही चौघंच आहात, त्यामुळे हे चालून जाईल. व्हर्ना आतून प्रशस्त आहे, पण छत मागे उतरतं. मुलगा उंच आहे म्हणता, त्याला आधी तिच्यात मागे बसवून डोकं लागतंय का ते बघा.

घाट लागला की मात्र माझं मत फिरतं. साखरप्याकडून आंब्याला चढताना वळणावर गाडी मंदावते आणि तिथून पुन्हा उचलावी लागते. सिटीच्या १.५ इंजिनाचा पूर्ण १४५ एनएम जोर ४३०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) येतो, म्हणून सीव्हीटी इंजिनाला वर नेऊन ठेवते आणि आवाज आत येतो. स्लाव्हियाचं टर्बो (दाबाने हवा भरणारं) इंजिन १७८ एनएम देतं, तेही १७५० पासून. गाडीत चौघं आणि डिकी भरलेली असली की हा फरक पायाला कळतो. उतारावर सिटीत स्टिअरिंगमागची गिअरची पॅडल वापरून इंजिनाचा ब्रेक घ्यायची सवय लावावी लागते, स्लाव्हियाच्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिकला ते जास्त सहज जमतं. हायवेला शंभरच्या आसपास स्लाव्हिया रस्ता धरून बसते, स्टिअरिंगही वेग वाढेल तसं जड होतं. चालवायची हौस असलेल्या माणसाला ही गाडी खरंच सुख देते.

शिवाय ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची) स्लाव्हियाचा १७९ मिमी, सिटीचा १६५. कोकणातले गावातले स्पीडब्रेकर तुम्हाला ठाऊक आहेतच.

चाकणकर_७
स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस आमच्या चाकणलाच बनतात, आतून बहिणीच. व्हर्टसचं कोटेशनही घ्या, घासाघीस करायला बरं पडतं. २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅप या टक्कर-चाचणी घेणाऱ्या संस्थेने या दोघींना सुरक्षेचे पाच तारे दिले, व्हर्नालाही त्याच वर्षी मिळाले.

पैशाचं म्हणाल तर सप्टेंबर २०२५ मध्ये या गाड्यांवरचा एकूण कर ४५ वरून ४० टक्क्यांवर आला. चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाड्यांना १८ टक्केच लागतो, म्हणून मारुतीची छोटी सेडान डिझायर एवढी स्वस्त दिसते. त्यात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात १२ टक्के रोड टॅक्स. सनरूफ, थंड हवेच्या सीट यासाठी वरचं मॉडेल घेतलं की हे सगळे कर त्यावरही चढतात. मधलं मॉडेल घ्या.

कृष्णाकाठची
खूप आभार. व्हर्नाचं १६० पीएस ताकदीचं टर्बो बघून मन चाळवलं होतं, पण ते बजेटबाहेर जातंय. आता सिटी आणि स्लाव्हिया दोनच. सासूबाईंना घेऊन शोरूमला जाते. टेस्ट ड्राइव्हला काय बघू?

कराडचा_ड्रायव्हर
आजींना मागच्या दोन्ही दारांनी स्वतःहून चढू-उतरू द्या, हात न देता. तुम्ही स्वतःही थोडा वेळ मागे बसा आणि गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या. सांगलीतला सगळ्यात वाईट रस्ता तुम्हाला माहीत असेलच, तिथूनच न्यायला सांगा, शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात. स्लाव्हिया १.० ऑटोमॅटिकच मागा. १.५ ला १५० पीएस आणि सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) असतो, ती चालवून १.० बुक केली तर घरी वेगळीच गाडी येईल.